शेवटच्याची विश्रांती



आजचं चिंतन महाभारताच्या सतराव्या, महाप्रस्थानिक पर्वावर. पांडव हिमालयात चाललेत. वाटेत द्रौपदी पडते, मग सहदेव, नकुल, अर्जुन, भीम. युधिष्ठिर मागे वळूनही बघत नाही. पण इंद्र रथ घेऊन येतो आणि सोबतच्या कुत्र्याला सोडून दे म्हणतो, तेव्हा हाच माणूस अडून बसतो. भावांसाठी न थांबलेला कुत्र्यासाठी का थांबला? त्याचं उत्तर सरळ आहे: गेलेल्यांना परत आणणं माझ्या हातात नव्हतं, पण जो जिवंत आहे, माझ्या भरवशावर आलाय, त्याला टाकता येणार नाही.

यंदा हिवाळ्यात आमच्या केडगावच्या एका शाळेची मुलं हरिश्चंद्रगडाला गेली. पाचनईत मुक्काम, सकाळी चढाई. मी मदतीला, रांगेच्या शेवटी. एक मुलगा सारखा मागे पडत होता. पुढच्या एकाने विचारलं, "सर, त्याच्यामुळे आमचा कोकणकडा का चुकवायचा?"

प्रश्न उद्धट नव्हता, रास्त होता. गड १४२४ मीटरचा, हिवाळ्यातला दिवस लहान, त्यात उतरायचंही असतं. वेगाने चालणं हा काही गुन्हा नाही. तरी सगळे थांबले.

आणि तिथेच खरी गोष्ट दिसली. पुढचे दहा मिनिटं बसून पाणी प्यायले. हा धापा टाकत पोचला, आणि लगेच "चला, आला तो!" म्हणत सगळे उठले. म्हणजे विश्रांती मिळाली ती ज्यांना गरज नव्हती त्यांना. ज्याच्यासाठी थांबलो, त्याला एक मिनिटही नाही. मग ठरवलं, घड्याळ तो बसल्यावर सुरू करायचं. केदारेश्वराच्या गुहेपर्यंत, त्या गार पाण्यातल्या पिंडीपर्यंत, सगळे एकत्र पोचले. कोकणकड्यावर मात्र थोडाच वेळ मिळाला. किंमत पडलीच, ती नाकारायची नाही.

मला वाटतं, सोबत देणं आणि नुसती वाट बघणं यात फरक आहे. वाट बघताना आपण आपल्या सोयीने थांबतो. सोबत देताना आपला वेळ दुसऱ्याच्या श्वासावर मोजतो. युधिष्ठिराने तर कुत्र्यासाठी स्वर्गच थांबवला.

आजचा अभ्यास: ऑफिसच्या टीममधला नवीन मुलगा असो की जिना चढणारी आजी, ते पोचले की लगेच उठू नका. त्यांना आधी बसू द्या.

राम कृष्ण हरी!