राबाची वाट

सह्याद्रीत चिडाचं रान नाही. कालिदासाच्या कुमारसंभवात हत्ती ज्या सरलवृक्षांवर, म्हणजे चिडांवर, गाल घासतात, ते हिमालयातले. पश्चिम घाटात मूळचा असा शंकुधारी वृक्ष एकच, तोही पार दक्षिणेकडच्या डोंगरांत, आणि त्याचं पान सुईसारखं नाही. तरी ‘जंगलातली वाट’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उंच, सरळ, एकजात झाडंच येतात. कॅलेंडरांनी आणि सिनेमांनी एवढं शिकवलं.

पुणे-कोलाड रस्त्यावर पिरंगुटच्या पुढच्या कासार आंबोलीत उतरून चालू लागलं, की या चित्राचा काही उपयोग होत नाही. मुळशीची वाट खाचराच्या बांधावरून निघते, नाचणी-वरीच्या वरकस उतारावर चढते आणि मग रानात शिरते. या वाटा हौसेखातर पडलेल्या नाहीत. त्या राबानं पाडल्या. उन्हाळ्यात ऐनाच्या तोडलेल्या डहाळ्या, शेण, पालापाचोळा रोपवाटिकेच्या तुकड्यावर पसरायचा, वर माती टाकून भाजायचा. पहिल्या पावसावर तिथं भात पेरायचा आणि आषाढात रोपं खाचरात लावायची. भात खाली आणि त्याचं अर्धं भांडवल डोंगरावर, म्हणून डोक्यावर भारे घेऊन माणसं वर-खाली करत राहिली. इंग्रजी वनखात्याला यात झाडांची नासाडी दिसली. ठाणे-कुलाब्यातल्या तक्रारी इतक्या वाढल्या की 1885 ते 1887 मुंबई सरकारचा वन आयोग त्यांवर बसला. मला दोन्ही बाजू पटतात. छाटलेला ऐन पुन्हा फुटतो, पण दर वर्षी ओरबाडलेला खुरटतोच.

पुढे युरिया आला. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रानं आंबेमोहोर आणि आयआर-8 यांच्या संकरातून 1987 साली इंद्रायणी दिली. राब कमी झाला, तशा वरच्या वाटा गवतात बुजल्या. पुण्याभोवतीच्या उघड्या टेकड्यांवर मधल्या काळात गिरिपुष्प लावलं गेलं. मूळ मध्य अमेरिकेचं हे झाड फाल्गुनात गुलाबी फुलतं, पण त्याच्या दाटीत खाली फारसं दुसरं काही वाढत नाही. उत्तराखंडातल्या बायका चिडाबद्दल हेच गाऱ्हाणं सांगतात. त्यांना बांज, म्हणजे तिथला ओकच हवा असतो. गंमत अशी, की डोंगरावर नकोसं झालेलं गिरिपुष्प बांधावर मात्र कामाचं ठरतं: नारायण सावंतांच्या चारसूत्री भातशेतीत त्याचा कोवळा पाला हिरवळीचं खत म्हणून चिखलात गाडतात.

आता एनए प्लॉटांच्या तारा बांधांना आडव्या येतात. रान सरकारी, खाचर खासगी. मधली वाट मात्र कुणाच्याच उताऱ्यावर नसते, म्हणून कुंपण घालणाऱ्याला ती दिसतच नाही. शहरातला भटका मग फिरून पलीकडे जातो. ऐन आवणीत तर तो ओळीनं बांधावरूनच जातो; बांध खचतो, वरच्या खाचराचं पाणी खालच्यात उतरतं आणि दुसऱ्या सकाळी घरधनी फावडं घेऊन पुन्हा चिखल लिंपायला येतो.