फळ घरात दिसावे

प्रिय धर्मग्रामस्थहो,

वेलीपासून तुटलेल्या फाट्याला फळ येत नाही, असे प्रभू येशू सांगतो (योहान १५). आपण दर रविवारी मिस्साला येतो, ख्रिस्तप्रसाद स्वीकारतो. मग फळ कोठे दिसावे? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली कुटुंबाला घरगुती ख्रिस्तसभा म्हटले. पहिले फळ तेथेच दिसायला हवे.

शांतीचे अभिवादन करताना आपण अनोळखी माणसालाही हात जोडतो. मात्र बांधाच्या वादावरून अबोला धरलेला सख्खा भाऊ दोन बाकांपलीकडे असला, तर नजर चुकवतो. घरी रोजरी होते, पण त्याच्या अंगणाकडची खिडकी बंदच राहते. भावाच्या मनात आपल्याविषयी काही असेल तर अर्पण वेदीपुढे ठेवून आधी समेट करायला प्रभू सांगतो (मत्तय ५:२३-२४).

माळी फाटा छाटतो, तो अधिक फळ यावे म्हणून. 'आधी त्याने बोलावे' हा हट्ट आपण छाटू या. येत्या रविवारच्या मिस्सापूर्वी ते एक दार ठोठावू या. ते लगेच उघडले नाही, तरी प्रभू आपल्याबरोबर उंबरठ्यावर उभा असेल.

प्रभू आपल्या कुटुंबांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू