चहा कुठल्या पाण्याचा?

माणसाच्या सचोटीची परीक्षा पैशाच्या राशीपुढे होते, असे लोक समजतात. मी बावीस वर्षे बँकेत कारकुनी करतो आहे. नोटांच्या थप्प्या रोज समोरून जातात; पण हलवायाकडच्या पोऱ्याला जिलबीचे जेवढे आकर्षण, तेवढेच मला त्यांचे. माझी परीक्षा झाली ती आमच्या स्वयंपाकघरातल्या नळाखाली.

आमचा फ्लॅट पुण्याच्या पार पूर्वेच्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर. सोसायटीच्या नळांना येते ते बोअरचे पाणी. खडकवासल्याचे पाणी कसे, पावसातून धरणात आणि धरणातून गावात, हात हलवत येते. बोअरचे पाणी मात्र काळ्या कातळाच्या भेगांतून झिरपत, वाटेत भेटेल ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम गोळा करत, लग्नाहून परतणाऱ्या मावशीसारखे गाठोडी सांभाळत आमच्याकडे पोचते. रोजच्या भाषेत हे जड पाणी. शाळेच्या पुस्तकात त्याला 'दुष्फेन' म्हणत, म्हणजे ज्याला फेस येत नाही ते. पुस्तकात हा विषय दोन ओळींत संपला होता. घरात तो रोज सकाळी सहाला सुरू होतो.

अंगाला साबण लावला की फेसाऐवजी दह्यासारखा साका निघतो आणि पुढे तोच बादलीला पांढरे कडे होऊन बसतो. तूरडाळ पाच शिट्ट्या झाल्या तरी एसटीतल्या अनोळखी उतारूंसारखी अलग अलग राहते. चिमूटभर खायचा सोडा टाकल्याशिवाय वरणाचे वरणपण सिद्ध होत नाही. गीझरच्या कॉइलवर क्षारांचे असे चिलखत चढते की पाणी तापायच्या आधी तीच तापून दगावते. सात वर्षांत तीन कॉइल वारल्या. शेजाऱ्यांनी तुरटी फिरवायला सांगितली. तुरटीने गढूळपणा तळाला बसतो, जडपणा नाही. माझे केस पाण्याने गेले की वयाने, हा खटला अजून चालू आहे.

शेवटी फ्लॅट विकायचे ठरले, ते मात्र आईच्या गुडघ्यांमुळे. इमारतीला लिफ्ट नाही. गावात तळमजल्यावरची जागा पाहिली, दोन लाखांचा विसार देऊन बसलो. तीन महिन्यांत हा फ्लॅट विकला गेला नाही तर विसार बुडणार, हे पावतीवर लिहून दिलेले. दोन महिने संपले तेव्हा एक गिऱ्हाईक आले: निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी. फंडाचा सगळा पैसा घालून आयुष्यातले पहिले घर घेणार होते.

ते येणार म्हणून हिने आदल्या रात्री सगळ्या तोट्यांना लिंबू चोळले. क्षार फसफसून विरघळले, तोट्या नव्या नवरीसारख्या चमकू लागल्या. पांढऱ्या कड्याची बादली माळ्यावर गेली. "ही स्वच्छता म्हणायची की पुरावा नष्ट करणं?" मी विचारले. "पाहुण्यांच्या आधी तुम्ही दाढी करता ते काय असतं?" ती म्हणाली. मी गप्प बसलो. दाढी मी त्याच पाण्याने करतो.

सरांनी खिडक्या उघडून पाहिल्या, भिंतींवर टकटक केली आणि विचारले, "पाणी कसं आहे?"

मी म्हणालो, "चोवीस तास."

उत्तर शंभर टक्के खरे होते. फक्त ते दुसऱ्याच प्रश्नाचे होते. धर्मराजाने अश्वत्थामा मेल्याचे सांगितले तेव्हा तेही खरेच होते, हत्ती मेलाच होता. तरी जमिनीच्या चार अंगुळे वरून चालणारा त्याचा रथ खाली टेकला. माझा रथ आधीच जमिनीवर. तो आता थेट बोअरमध्ये जाणार की काय, असे मला वाटले.

तेवढ्यात आतून आवाज आला, "अहो, जरा इकडे या."

आत ओट्यावर एका बाजूला नळ, दुसऱ्या बाजूला विकतचा वीस लिटरचा जार. ही हळूच म्हणाली, "चहा कुठल्या पाण्याचा करू?"

नीतिशास्त्राचे सगळे ग्रंथ या एका प्रश्नात मावतात. जारच्या पाण्याचा चहा केला तर फ्लॅट विकला जाणार. नळाच्या पाण्याचा चहा आपण होऊन कबुलीजबाब देणार. वर तवंग येतो आणि पोटात गेल्यावरही चव जिभेवर रेंगाळते.

मी कायदा आठवला. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२, कलम ५५, बँकेच्या परीक्षेसाठी पाठ केलेले. विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही न कळणारा मोठा दोष विकणाऱ्याने सांगितला पाहिजे. पण सरांनी नळाखाली ओंजळ धरली असती तर कळलेच असते की! कायद्याने मला वाट दिली. मग मी सरकारी मानक आठवले. पिण्याच्या पाण्याच्या २०१२ च्या भारतीय मानकात कठीणपणाच्या दोन मर्यादा आहेत. लिटरला २०० मिलिग्रॅम ही योग्य. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावे. आमचे पाणी दोनशेच्या बरेच वर, पण सहाशेच्या आत. मानकानेही वाट दिली.

आणि तिथेच मी अडकलो. कारण आपल्या सगळ्यांच्या सचोटीचे मानक हेच आहे. बोलायचे दोनशेवर, वागायचे सहाशेवर, आणि मध्ये 'दुसरा मार्गच नव्हता हो' हा शेरा. पण इथे तसे म्हणायचीही सोय नव्हती. दोन्ही मार्ग ओट्यावर शेजारी शेजारी उभे होते.

शिवाय सात वर्षांपूर्वी मीच या फ्लॅटच्या मालकाला विचारले होते, "पाणी कसं आहे?" तो म्हणाला होता, "चोवीस तास." तो खोटे बोलला नव्हता. तरी रोज सकाळी अंघोळीला मी त्याचा उद्धार करत आलो आहे. म्हणजे खरेखोटे आपल्या शब्दांवर ठरत नाही. ऐकणारा काय समजून घरी गेला, यावर ठरते.

"नळाच्या," मी म्हणालो.

हिने माझ्याकडे पाहिले. "विसाराचे दोन लाख," एवढेच म्हणाली आणि पातेले नळाखाली धरले.

सरांनी एक घोट घेतला. कप उजेडात धरून तवंग पाहिला. "दुष्फेन?"

"होय."

"तीस वर्षं विज्ञान शिकवलं. प्यायलो आज." मग मी सगळे सांगितले: डाळ, कॉइल, माळ्यावरची बादली. सरांनी खिशातली डायरी काढून मुद्दे लिहून घेतले. मी संपल्यावर त्यांच्या पत्नींनी विचारले, "सोडा किती घालता वरणात?"

नऊ दिवस त्यांचा फोन आला नाही. ते नऊ दिवस सचोटीच्या बाजूने बोलणारे घरात कोणीही नव्हते, मीसुद्धा नाही. दहाव्या दिवशी सर आले. पाणी मऊ करायचे यंत्र आणि एक गीझर, असे चाळीस हजार किमतीतून वजा करून त्यांनी फ्लॅट घेतला. ही म्हणाली, "चार कप चहा. कपाला दहा हजार."

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. आम्हाला जमाखर्चात 'ख्याती' नावाचे खाते शिकवतात, म्हणजे धंद्याचा नावलौकिक. तिचा नियम असा की आपणच आपली ख्याती मानून वहीत लिहायची नाही. पैसे मोजले असतील तरच लिहायची. त्या दिवसापर्यंत मी स्वतःला प्रामाणिक समजत होतो. ती नोंद मी खोडली आणि नवी केली: रुपये चाळीस हजार फक्त.

आता आम्ही गावात राहतो. ही जागा घेताना दुधाने तोंड पोळलेल्या माणसाप्रमाणे मी पहिला प्रश्न विचारला होता, "पाणी कसं आहे?" मालक म्हणाले होते, "मऊ, गोड! खडकवासल्याचं!" ते अगदी खरे बोलले. पहिल्याच दिवशी कळले की ते पहाटे साडेपाचला येते आणि सातला जाते. आणि या मऊ पाण्यात साबणाला इतका फेस येतो, की तो धुऊन काढता काढता सात वाजतात.