पाचवे कारण

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान म्हणजे कर्माचा आश्रय, कर्ता, करण म्हणजे साधने, नानाविध चेष्टा आणि पाचवे दैव. शंकराचार्यांनी येथे दैव म्हणजे इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या देवता असा अर्थ घेतला, तर गीतारहस्यात (१९१५) लोकमान्य टिळकांनी त्याचा संबंध मनुष्याच्या इच्छेवाचून चालणाऱ्या सृष्टिव्यापारांशी जोडला. अकोले तालुक्यातील साम्रदजवळच्या सांधण दरीला टिळकांचा अर्थ अधिक लागू पडतो.

रतनगडाच्या परिसरातील ही अरुंद घळ कातळाच्या उभ्या भिंतींमधून कोकणाच्या बाजूस उतरते. तळाशी उभे राहिले असता आकाशाची केवळ एक पट्टी दिसत असल्यामुळे वरच्या पाणलोटात, म्हणजे जिथले पाणी या घळीत येते त्या क्षेत्रात, पाऊस पडू लागला तरी त्याची वार्ता पाण्याच्या लोंढ्यानेच मिळण्याचा संभव असतो. पावसाळ्यात उतरून वाहून जाण्याला मात्र दैव म्हणता येत नाही, कारण घळ मुळात पाण्याचीच वाट आहे आणि ते सर्वांना ठाऊक असते. नवी मुंबईतल्या कोपरखैरण्यातून पाठपिशवी घेऊन निघणाऱ्या डोंगरभटक्याला आधी कळणारे आणि न कळणारे यांतला हा भेद परका नसावा. त्याची वसाहतच खाडीकाठच्या सखल जमिनीवर वसली असून, नवी मुंबईच्या रचनेत भरतीच्या वेळी पावसाचे पाणी साठवून ओहोटीला सोडणारे धारण तलाव आहेत. भरतीची वेळ आधी कळते, पावसाचे प्रमाण कळत नाही, आणि तजवीज या दोहोंसाठी वेगवेगळी करावी लागते.

हेल्मेट, हार्नेस, पुरेशा लांबीचा दोर, ओल्या कपड्यांत लागणाऱ्या थंडीचा विचार, गावात सांगून ठेवलेली परतीची वेळ, ही सारी तयारी करण आणि चेष्टा यांत मोडते. तिच्यामुळे दैव नाहीसे होत नाही, फक्त अज्ञानाला दैव म्हणण्याची सवलत संपते. सुसज्ज माणसाला जडणारा दोष निराळा : केवळ स्वतःलाच कर्ता मानणाऱ्याला गीता दुर्मती म्हणते, आणि ज्या बोल्टवर त्याचा भार असतो तो बहुधा दुसऱ्याच कोणी कातळात ठोकलेला असतो.

पुष्कळ लोक पहिल्या रॅपलिंगच्या, म्हणजे दोरावरून कडा उतरण्याच्या, टप्प्याआधीच माघारी वळतात, आणि त्यात उणेपणा मानण्याचे कारण नाही. पुढे जाणारा गट मात्र शेवटचा माणूस उतरल्यावर दोर खाली ओढून घेतो. त्या क्षणापर्यंत परतणे हाही एक पर्याय असतो, त्यानंतर वाट खालच्या दिशेनेच उरते.