सांबर आणि घड्याळ

सुखना तलावाच्या मागच्या जंगलात, नेपलीच्या बाजूला, मातीचा एक छोटा बंधारा आहे. नोव्हेंबरातल्या एका रविवारी धावत तिथे पोचले, तेव्हा पलीकडच्या काठावर सांबराची मादी पाणी पीत होती. तिने मान वर केली आणि मी मनगटाकडे पाहिलं. ठोके १६२, वेग ठरल्यापेक्षा कमी. पुन्हा नजर उचलली तर काठ रिकामा. पाण्यावर वलयं तेवढी उरली होती.

घरी येऊन मी रडले.

लग्नानंतर फलटणहून चंदीगडला आले, तेव्हा इथले सरळ रस्ते आणि चौकोनी सेक्टर मला परके वाटायचे. जंगलात वाट वळते, म्हणून तिथे धावायला लागले. हे जंगलही मुद्दाम राखलेलं आहे. १९५८ साली चो, म्हणजे पावसाळी ओढा, अडवून तलाव झाला आणि शिवालिकची ठिसूळ माती त्यात येऊन साचू लागली. ती थोपवायला वरच्या टेकड्यांवर झाडं लावली, जागोजागी बंधारे घातले. १९९८ मध्ये तिथे अभयारण्य जाहीर झालं. मोर, सांबर, माझी पायवाट, सगळं त्या खटपटीच्या आधाराने उभं आहे.

यंदा मी डोंगरातल्या २५ किलोमीटरच्या शर्यतीत नाव घातलं. मंगळवारी इंटरव्हल, गुरुवारी चढ, रविवारी लाँग रन. तेव्हापासून जंगल मागे सरकलं.

फळाची आशा सोड, असं कुणीही सांगेल. गीतेचा अर्थ इतका सोपा नाही हे मला कळतं, पण माझी अडचण खरी होती. सरावाचं वेळापत्रक शर्यतीच्या तारखेपासून उलटं मोजत आखलेलं असतं. तारीखच नको म्हटली तर पहाटे साडेचारला उठायचं कशासाठी?

आईला फोनवर हे सांगितलं. ती अकरा वर्षं वारीला जाते. म्हणाली, "अगं, एकादशी काय कुणासाठी थांबते? मुक्काम ठरलेले, पुणं ते सासवडची चाल एका दिवसात, वर दिवेघाट. तरी घाट चढताना आम्ही फुगड्या घालतो." म्हणजे तारीख असणं, पाय दुखणं, रोजचा हिशेब, यांनी आनंद मरत नाही. मग माझा कशाने मरत होता?

उत्तर नामदेवांच्या एका पदात सापडलं. त्यांनी इकडे पंजाबात, घुमानला मुक्काम केला. गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. त्यांतलं रामकली रागातलं एक मी शेजारच्या सरदारजींकडून समजून घेतलं. मुलगा पतंग उडवतो, सवंगड्यांशी बोलतो, पण लक्ष दोरीवर. गाय लांब चरते, जीव वासरात. आई घरकामात, मन पाळण्यापाशी. या पदात कुणीही आपलं काम टाकत नाही. मुलगा गप्प बसत नाही, गाय चरणं सोडत नाही. मी मात्र गप्पांनाच दोरी समजून बसले होते. वेळ, ठोके, चढाची उंची या सगळ्या सवंगड्यांच्या गोष्टी. त्या चालू राहोत.

एक शंका अजून सुटलेली नाही. शेवटच्या इंटरव्हलला छाती फुटायला येते, तेव्हा कसलं रान आणि कसला मोर! तिथे माझ्या हाती श्वासच राहतो. नामदेवांची दोरी रामाकडे जाते. माझा श्वास कुठवर जातो, ते सांगण्याइतकी माझी साधना नाही.

गेल्या रविवारी घड्याळ बाहीखाली ठेवून अठरा किलोमीटर धावले. बंधाऱ्यापाशी थांबले. सांबर नव्हतं, ओल्या मातीत खुरांचे ठसे होते. त्यांत पाणी भरेपर्यंत बघत बसले, मग उरलेला चढ ठरल्या वेगाने मारला. शर्यत मला तीन तासांच्या आत संपवायचीच आहे. पुढच्या रविवारी एकवीस. वनखात्याची परवानगी काढून ठेवली आहे.