रविवार कोणाचा?



आपल्या हिंगोलीला घोडे नवीन नाहीत. निजामाच्या काळात येथे हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती आणि तिच्यात घोडदळही होते. आज मात्र घोड्यांचे मोठे तबेले पाहायचे तर पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवर जावे लागते. तेथे सर्वांत जास्त धावपळ असते ती शनिवारी-रविवारी, कारण बहुतेक शर्यती त्याच दिवशी होतात. १९४३ साली सुरू झालेली इंडियन डर्बी ही नामांकित शर्यतही महालक्ष्मीला बहुधा फेब्रुवारीतल्या रविवारीच असते. सईस उजाडण्यापूर्वी उठतो, लीद काढतो, दाणापाणी करतो, खरारा करतो आणि दुपारी घोडा मैदानावर नेतो.

मग सईसाने तिसरी आज्ञा मोडली काय? नाही. शब्बाथ दिवशीही लोक आपला बैल किंवा गाढव सोडून पाण्यावर नेतातच, याची प्रभू येशूने सभास्थानात आठवण करून दिली (लूक १३:१५). मुक्या जनावराला वार कळत नाही, भूक कळते. त्याला खाऊ घालणे ही दया आहे.

परंतु शर्यत ही घोड्याची गरज नव्हे, ती माणसांची करमणूक आहे. पळून आलेल्या घोड्याला मालक विसावा देतो, कारण घोडा महाग असतो. सईसाच्या विसाव्याचे काय? विश्रांतीच्या आज्ञेत मुलेबाळे, चाकर, गुरेढोरे आणि दारचा परका या सर्वांची नावे आहेत (निर्गम २०:१०). म्हणजे ही आज्ञा विशेषकरून ज्याच्या हाती सुट्टी देणे आहे त्याला उद्देशून आहे. खेळ, हॉटेले अशा कामांसाठी काहींना रविवारी राबावे लागते, हे ख्रिस्तसभा मान्य करते. पण त्यांनाही पुरेशी विश्रांती मिळाली पाहिजे आणि विनाकारण कोणाचा रविवार हिरावू नये, असे ती शिकवते (कॅथोलिक धर्मशिक्षण, परिच्छेद २१८७).

रेसकोर्स दूर आहे. सालगडी जवळ आहे. पाडव्याला वर्षभराचा करार होतो आणि त्यात रविवार क्वचितच धरला जातो. आपण मिस्साला येतो तेव्हा गोठ्यात शेण कोण काढतो? कोणी म्हणेल, गडी ख्रिस्ती नाही, त्याला रविवार कशाला? आज्ञेतला परकाही इस्राएली नव्हता. कोणी म्हणेल, गुरांना कोण पाहील? प्रश्न खरा आहे. उत्तर एवढेच की एखाद्या रविवारी मालकाने किंवा त्याच्या मुलाने वैरण टाकावी, आणि त्या दिवसाची मजुरी कापू नये. रविवारी ज्यांना कामावर जावेच लागते, त्यांना शनिवार संध्याकाळच्या मिस्सानेही रविवारचे कर्तव्य पूर्ण करता येते.

दुसऱ्याचा विसावा काढून घेऊन आपला रविवार पवित्र होत नाही. प्रभू आपल्याला हे ओळखण्याची सद्बुद्धी देवो.