पात्याचा आकार कामाने ठरवावा

चि. भाचेबुवांस,


सागवानी फळीवर रंध्याचे चरे उठतात आणि जोड उजेडासमोर धरला की फट दिसते, म्हणून तू धारेला दोष देतोस. धार ठीक असावी. तू तिन्ही रंध्यांची पाती सरळ घासतोस, तिथेच घोळ आहे.

फळी सपाट करताना आधी भराभर लाकूड उतरवायचं असतं. त्यासाठी जॅक रंध्याचं पातं चांगलं गोल हवं. पुठ्ठ्यावर 250 मिलिमीटर त्रिज्येचा कंस काढून काप आणि त्यावरून पात्यावर मार्करने आख. पातं 50 मिलिमीटर रुंद असेल, तर कोपरे सव्वा मिलिमीटर मागे जातील. ग्राइंडरवर धरताना सारखं पाण्यात बुडव. निळं पडलं की पोलादाचं पाणी उतरलंच. हा रंधा रेषांना आडवा चालव. कोपरे रुतत नाहीत, म्हणून जाड साल सुटते. मागे लाटा राहतील, राहू देत.

लांब रंध्याला मात्र नावापुरती गोलाई. दगडावर आधी एका कोपऱ्यावर बोट दाबून थोडं घास, मग दुसऱ्या, शेवटी मध्ये. धारेवर पोलादी पट्टी टेकवून बघ: दोन्ही टोकांना केसाएवढा उजेड दिसला की बस.

या गोलाईचा खरा उपयोग जोडाला. कडेला गुण्या लावल्यावर डावी बाजू उंच निघाली, तर रंधा तिरपा करू नकोस. सपाटच ठेव आणि अख्खा डावीकडे सरकव. पात्याचं पोट उंच बाजूवर येतं. तिथे साल जाड निघते आणि उजवीकडे पातळ होत जाते. एकदा फिरव, पुन्हा गुण्या लाव.

सरळ पातंही चालतं, पण मग दोन्ही फळ्या एकावर एक ठेवून शिकंज्यात धर आणि कडा एकदमच रंध. पुस्तकासारख्या उघडल्यास की एकीचा तिरपेपणा दुसरी भरून काढते.

पॉलिशआधीच्या रंध्याच्या पात्याचे फक्त कोपरे मोड, चरे थांबतील.

तिन्ही पाती आजच घासत बसू नकोस. जॅकसाठी एक जास्तीचं पातं घे, ते गोल कर, जुनं सरळच राहू दे. गोंद लावण्याआधी वरची फळी खालच्या कडेवर उभी करून हलकेच फिरव. मधल्या बिंदूवर गरगरली तर पोट आहे, अजून रंध. टोकांवर अडखळली तर खुशाल गोंद लाव.

तुझा,
मामा